वहिनी, माझी पाठ वाकायची थांबली

प्रिय वहिनी,

परवा धनजला तुमची तेरवी झाली. बायांनी तुमच्या हातच्या चवीचं कौतुक केलं. माझ्यासाठी तुम्ही काय केलंत ते मात्र कुणाच्या तोंडी आलं नाही. येणार तरी कसं? ते आपण घराबाहेर जाऊच दिलं नव्हतं. म्हणून सासरी शेलूबाजारला परतल्यावर लिहायला बसले.

तुम्ही नव्या नवरी होऊन आलात तेव्हा मला चौदावं लागलं होतं. मला न्हाऊ घालताना तुमचा हात पाठीवर थांबला.

"यमू, सरळ उभी राह्य बरं."

"उभीच तं आहो!"

उजव्या खांद्याचं हाड वर आलेलं, डावी कूस दबलेली. मला ठाऊक होतं हो! म्हणूनच मी नेहमी सगळ्यांच्या मागून चालायची.

मायनं डाग देणारा बोलावला. चुलीत विळा लाल झाला. "पोरगी अशीच वाकत गेली तं कोन करन इले?" म्हणून माय रडत होती. तुम्ही, कालची सून, माझ्यापुढे येऊन उभ्या राहिलात.

"डागानं हाड सरळ होत असन तं आधी माह्या पाठीवर द्या!"

एवढं धैर्य कुठून आणलंत? माय कितीतरी दिवस तुमच्याशी बोलली नाही.

मग दादानं मला अकोल्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही. वाढतं वय आहे, बाक वाढत जाईल, व्यायामानं थांबला तर थांबला. तुमचे वडील अमरावतीला व्यायामशाळा चालवायचे. तुम्ही माहेरी जाऊन सगळं शिकून आलात.

गोठ्याचं दार लावून आपण सुरू केलं. आढ्याला लोंबकळायचं. भिंतीला टेकून अंग वर ताणायचं. कुशीवर निजून दबलेल्या बाजूत श्वास भरायचा. तिथं तुमचा तळवा असे. "ढकल माह्या हाताले! श्वासानं ढकल!" मी रडायची, तुम्हाला चेटकीण म्हणायची. तुम्ही लुगडं खोचून माझ्याशेजारी लोंबकळायच्या. एकदा माय अचानक आत आली. "अवं, दोघी वटवाघळं झाल्या का!" म्हणत पोट धरून हसली. त्या दिवसापासून ती तुमच्याशी बोलू लागली.

पाठ सरळ झाली नाही, पण आणखी वाकली नाही. मला पाहायला आले तेव्हा माय पाठ लपवा म्हणत होती. तुम्ही यांना स्पष्ट सांगितलंत. हे म्हणाले, "चालते की!" आज दोन लेकरं कडेवर वाढवली या पाठीनं.

पण एक राग आहे. माझं एवढंसं दुखणं तुम्हाला दिसलं, आणि स्वतः तापानं फणफणत असताना मला निरोपही धाडला नाहीत! काहून वहिनी? मी आले नसते का?

आज सकाळी भाजीचा मळा करणारी शेजारीण आली होती. तिची गंगा तेरा वर्षांची, एका बाजूला झुकत चालली आहे. "कोनाले सांगू नका," म्हणाली. मी दार लावलं, आणि गावात कुणाला कधी दाखवली नव्हती ती माझी पाठ त्या पोरीपुढे उघडी केली. तिनं हळूच बोट फिरवलं. "मामी, दुखते का वं?"

उद्यापासून ती माझ्याकडे येणार आहे. तिनं मलाही चेटकीण म्हटलं तरी चालेल. वचन देते वहिनी, तिची वाढ पुरी होईपर्यंत मी तिला सोडणार नाही.

तुमचीच,
यमू