खालून मारलेली सर्व्हिस

डहाणू,
१६ जुलै २०१९

प्रिय संगू,

तू आणि घरचे सगळे खुशाल असाल. आम्हीही ठीक. पाऊस भरपूर आहे, चिकूच्या वाडीत पाणी साचलंय आणि भूकंपाचे हादरे अजून चालूच आहेत. आता कोणी उठून बाहेरही पळत नाही. कपातला चहा हलला की एकमेकांकडे बघतो आणि पुन्हा प्यायला लागतो. परवा मात्र एका हादऱ्याने माझी लोणच्याची मोठी बरणी फळीवरून खाली आली. यंदाचं नवं लोणचं, सगळं फरशीवर. हे म्हणाले, "मला तर काही जाणवलं नाही." मी म्हटलं, "घोरणाऱ्याला काय जाणवणार!"

इतक्या वर्षांनी पत्र आणि त्यात लोणचं, असं म्हणशील. फोनच करणार होते. पण फोनवर आपण भांडतो. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, तेवढं बरं.

रविवारची विंबल्डनची फायनल पाहिलीस ना? पाहिली असणारच. फेडरर, सदतीस वर्षांचा, सर्व्हिस त्याच्या हातात, जिंकायला एक पॉइंट हवा आणि संधी दोन. तरी हरला. हे लगेच म्हणाले, "आता याने थांबावं. एवढं मिळवलं, आता हसं कशाला करून घ्यायचं?"

मला तुझाच आवाज ऐकू आला. २०१४ साली आपण क्लबचा दुहेरीचा कप सातव्यांदा घेतला, तू रॅकेट कव्हरात घातलीस आणि म्हणालीस, "बस आता. जिंकताना उठावं, बकुळा." पुढच्या वर्षी मी दुसरी जोडीदार घेऊन उतरले आणि पहिल्याच फेरीत हरले. तेव्हा तू वापीहून फोन करून म्हणालीस, "नाव आपलं दोघींचं होतं. ते तू एकटी उधळते आहेस." त्यावर मी जे बोलले ते इथे पुन्हा लिहीत नाही.

पण खरं सांगू? मला फेडररचे आधीचे कप आठवत नाहीत. ते दोन पॉइंट गेल्यावर तो पुन्हा रेषेमागे जाऊन उभा राहिला, तेवढंच डोळ्यांसमोर आहे.

क्लबचं कोर्ट पाऊस संपल्यावर नवी लाल माती घालून तयार होईल. तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी उघडायचं, ही रीत अजून तशीच आहे. सगळ्यांत जास्त वेळा जिंकलेल्याने पहिली सर्व्हिस टाकायची, समोरच्याने ती मारायची नाही, जाऊ द्यायची. मग तो चेंडू कपाळाला लावून कपाटात ठेवायचा. आपला सेक्रेटरी भावेश आत्तापासून मागे लागलाय. "बकुळाबेन, तुमची तोफ ऐकल्याशिवाय आपला सीझन चालू नाय होत हं!" मी हो म्हटलंय.

तुला कधी वाटतं का गं, अजून खेळावं असं?

तुझी,
बकुळा


वापी,
२ ऑगस्ट

बकुळा,

पत्र पोचलं. काशीनाथभाऊंना नमस्कार सांग.

भूकंपाने एकच बरणी पडली? त्याच फळीवर तुझे काचेचे पेले असतात. ते पडले नाहीत? इतकी वर्षं तुझ्यासोबत खेळले आहे, मला भूकंप सांगू नकोस. उजवाच हात ना? डॉक्टरला दाखवलास की त्यालाही भूकंपच सांगितलास?

आता माझं ऐक. मी जिंकताना उठले नाही. त्या शेवटच्या फायनलमध्ये, दुसऱ्या सेटला माझा डावा गुडघा गेला. शेवटची व्हॉली मी जागेवरून मारली, कारण मला हलताच येत नव्हतं. लोक म्हणाले, काय शांतपणा! त्या दिवशी घरचा जिना मी बसून चढले. तुला सांगितलं असतं तर तू माझ्यासाठी थांबली असतीस, नाहीतर मला सांभाळून खेळली असतीस. मला दोन्ही नको होतं. म्हणून ते जिंकताना उठण्याचं वाक्य. लोकांना आवडलं. मलाही आवडायला लागलं.

पहिली सर्व्हिस टाकू नकोस. कोणा तरुण मुलीला टाकू दे. तुझी तोफ लोकांच्या कानात आहे, तिथेच राहू दे.

संगिता


डहाणू,
१८ नोव्हेंबर २०१९

प्रिय संगू,

पेले शाबूत होते. बरणी मीच पाडली. फळीपर्यंत हात गेला आणि तिथेच अडकला.

डॉक्टर म्हणतात खांदा आखडलाय. व्यायाम करा, सुटेल. किती सुटेल ते विचारलं तर म्हणाले, बघू. यांना शेवटी सप्टेंबरात सांगितलं. हे म्हणाले, "ठाऊक होतं. हल्ली केस डाव्या हाताने विंचरतेस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू भूकंप म्हणालीस, म्हणून मीही भूकंपच धरून चाललो."

तुझ्या गुडघ्याबद्दल तुला उत्तर लिहायला बसले होते, तीन-चारदा. प्रत्येक वेळी भांडणच लिहिलं जात होतं, म्हणून फाडलं. मी मागे उभी होते संगू, तुझ्यापासून दहा पावलांवर, आणि मला दिसलं नाही. तुझा राग यावा की माझा, हे अजून ठरत नाहीये.

कालचं सांगते. कोर्ट छान झालंय, चुन्याच्या रेषा कोऱ्या. समुद्राकडची सुरूची दोन झाडं पावसात पडली, त्यामुळे वारा आता थेट बेसलाइनवर येतो. खुर्च्या भरल्या होत्या. समोर मयुरा, तलासरीच्या शाळेत खेळ शिकवते, गेल्या वर्षीची एकेरीची विजेती. पहिल्या सर्व्हिसनंतर तिच्याशी एक सेट खेळायचा होता.

भावेशला माझ्या खांद्याचं कुठून तरी कळलं होतं. जवळ येऊन हळूच म्हणाला, "बेन, पहिला बॉल मयुरा मारेल. मी माइकवर तुमचंच नाव घेतो ना, तुमच्या हस्ते म्हणून. कोणाला काय कळणार नाय."

तुझा सल्ला आणि त्याची सोय, दोन्ही एकच होती. मी चेंडू हातात घेऊन उभी राहिले. खरं सांगते, त्या क्षणी त्याला देऊन टाकणार होते. मग वाटलं, हा चेंडू दिला की यानंतर मी फक्त माइकवरच असेन.

मयुरा खूप मागे जाऊन उभी होती. माझ्या सर्व्हिसला सगळे तसेच उभे राहायचे. मी डाव्या हातातून चेंडू सोडला आणि खालून मारला, फिरकी देऊन. खुर्च्यांमधून कोणीतरी हसलं. "काय चेष्टा करते बाई!" असंही ऐकू आलं. चेंडू नेटवरून जेमतेम गेला आणि मातीत बसला.

आणि मयुरा धावली. रीत-बीत विसरून, वेणी उडवत अशी धावली की मी बघतच राहिले. पोचली, आणि मारला! माझे पाय आपोआप निघाले. कसाबसा रॅकेटला लावून परत केला, तर तिने दुसऱ्या कोपऱ्यात ठोकला. संपलं.

भावेश माइकवरच ओरडला, "अरे मयुरा, पहिला बॉल मारतात काय! परत टाका बेन, परत. अपशकुन नको."

मयुरा रडकुंडीला आली. "सॉरी मॅडम! मला वाटलं तुम्ही मला फसवताय. हा बॉल सुटणार, अशी एकदम भीतीच वाटली."

मी म्हटलं, "परत नाही. शून्य-पंधरा." आणि रेषेमागे जाऊन उभी राहिले.

सेट मी सहा-दोन असा हरले. दोन गेम मिळाले. एक तिने चुका करून दिला, दुसरा मी घेतला. तोफ ऐकायला आलेले काही जण मधूनच उठून गेले. एकाने यांना विचारलं, वहिनींची तब्येत बरी आहे ना? हे म्हणाले, "आत येऊन एक गेम घेऊन दाखवा, मग सांगतो."

इतकी वर्षं माझी पहिली सर्व्हिस लोकांनी जाऊ दिली आणि चेंडू कपाळाला लावला. मला तो मान वाटायचा. काल पहिल्यांदा कोणीतरी तो मारला, कारण तिला माझी भीती वाटली. त्या फिरकीची, आत्ताच्या माझी. कपाटातल्या रिकाम्या जागेकडे बघून भावेश हळहळत होता. मी मात्र घरी येईपर्यंत यांच्याशी अखंड बोलत होते. उजव्या हाताने जेवले आणि तो दुखत होता हे नंतर लक्षात आलं.

थोर खेळाडू कोणाला म्हणायचं ते मला अजूनही ठरवता येत नाही. तुला मात्र त्या जागेवरून मारलेल्या व्हॉलीसाठी म्हणेन. फक्त तेव्हा मला सांगायला हवं होतंस.

डिसेंबरात दुहेरीचे सामने आहेत. भावेशला आपली जोडी लिहून घ्यायला सांगितली आहे. तू नाही म्हणालीस तर तो खोडेल, त्याला सवय आहे. हद्दीवरचा अच्छाडचा नाका ओलांडलास की आलीस. नेटजवळ हलायचं असतंच किती? लांबचे सगळे मी बघेन, पाय अजून माझे आहेत.

तू कायम पुढे, नेटजवळ, माझ्याकडे पाठ करून उभी राहायचीस. माझी सर्व्हिस तू कधी पाहिलीच नाहीस, कानाजवळून गेली की तुला कळायची. आता आवाज येणार नाही. तरी मागे वळून बघू नकोस.

तुझ्या मागे, रेषेपाशी,
बकुळा