सुंदर नको, सरळ आहे का ते सांगा

आखाडा बाळापूर

प्रिय कमल,

दीड वर्ष झालं तू जाऊन, आणि या दीड वर्षात मी तुला एक ओळही लिहिली नाही. तू माहेरी पुसेगावला गेलीस की आठवड्याला एक पत्र आणि पत्रामागे एक कविता धाडणारा मी! रुसली नाहीस ना? खरं सांगू, लिहायला बसलो की 'तुझ्याविना' हाच शब्द आधी यायचा, आणि त्या शब्दानं सुरू होणारं काहीही तू पुरतं ऐकून घेतलं नसतंस. म्हणाली असतीस, "रडगाणं नगं मास्तर, काय झालं ते सांगा."

तर काल दुपारी झालंय काहीतरी. तेच सांगायला बसलोय.

कौसाबाई आली होती. हो, तीच, हळदीच्या पाट्या वाहणारी, तुझी पहिली गिऱ्हाईक. केस सगळे पांढरे झालेत, आवाज तोच. सोबत तिची नवी सून. दारातच म्हणाली, "गुरुजी, कमल न्हाई म्हून काय माह्या सुनंनं माह्यावानी खांदे दुखवत बसावं?"

मी वंदनाकडे पाहिलं, वंदनानं माझ्याकडे. आपली सून ब्लाऊज छान शिवते गं, मशीनवर हात तुझ्यासारखाच चालतो. पण मशीनमागच्या तुझ्या कपाटाला तिनं दीड वर्षात हात लावला नव्हता. ब्रा अंगाला बसते की नाही हे पाहायची तुझी विद्या तिला द्यायची राहूनच गेली. आपल्या पोराचं, संतोषचं म्हणणं, कपाटातला माल हिंगोलीला परत देऊ आणि त्या जागी मोबाईल रिचार्जचं काउंटर टाकू. काउंटरचं चित्रसुद्धा काढून ठेवलंय त्यानं. वंदना परवाच मला म्हणाली, "मामा, जमलं असतं तर ठेवलं असतं. नुसती डबी काढून हातात द्यायची, म्हणजे आत्यांचं नाव घालवायचं."

तिचं खोटं नव्हतं. पण तुझं कपाट रिकामं होणार या विचारानं दोन दिवस घास गोड लागला नाही.

बघ, मी 'ब्रा' लिहिलं! जन्मात पहिल्यांदा लिहिलं, आणि अक्षर हललंसुद्धा नाही. गावातल्या बाया 'बॉडी' म्हणायच्या, तू ब्रा म्हणायचीस, आणि मी? मी 'ते' म्हणायचो. "ते आलं का हिंगोलीहून?" पोरांना आयुष्यभर शब्दसंपत्ती वाढवा म्हणून सांगणारा माणूस!

हिंगोलीचं ते दुकान आठवतं का तुला? जिल्हा वेगळा व्हायच्या आधीची गोष्ट. तू हळू आवाजात काय हवं ते सांगितलंस. गल्ल्यावरच्या माणसानं, अडत्या पोत्याकडे पाहतो तशी तुझ्याकडे एक नजर टाकली, "छत्तीस" म्हणाला आणि खोका पुढे सरकवला. घालून पाहायची सोय नाही, परत घ्यायची बात नाही. आणि मी पायरीवर उभा राहून एसटी स्टँडकडे पाहत होतो, जणू आतल्या बाईशी माझी ओळखच नाही!

घरी येऊन घातलीस तर काखेत काचे आणि पाठीत ढिली. मी मोठ्या समजुतीनं म्हणालो, वापरून होईल बराबर. तू माझ्या पायांकडे बघत म्हणालीस, "चप्पल घेताना तुमी दुकानात चार फेऱ्या मारता. मंग माह्या अंगाला काहून अंदाज?"

उत्तर न येणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करायचो.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो, तर माझ्या तपासायच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर ती कोरी ब्रा सुटी सुटी होऊन पडलेली. टाका न् टाका उसवला होतास तू. चौथीच्या भूगोलावर पट्टा, कवितेच्या वहीवर वाट्या, हुक शाईच्या दौतीच्या झाकणात. मी आधी दार लावलं. तुला त्याचं काही नव्हतं. चहाचा कप माझ्या हातात देऊन तू म्हणालीस की सापडलं. बाया समजतात भार खांद्यावरच्या पट्ट्या उचलतात. तसं नाहीच. भार उचलतो तो खालचा, पाठीभोवतीचा पट्टा. "गाडीचा भार चाकांवर पाहिजे, बैलांच्या मानंवर न्हाई."

शेतकऱ्याची लेक तू! मी इतकी वर्षं उपमा अलंकार शिकवला, पण अशी एक उपमा मला कधी साधली नाही.

मग तू त्याच खोक्यातली दुसरी घातलीस. आपल्या घरात आरसा एकच, खिडकीच्या गजाला अडकवलेला, त्यात तोंड दिसायचं, पाठ नाही. म्हणून मला हाक मारलीस, मागून बघा म्हणालीस. मी बघितलं. खिडकीतलं दुपारचं ऊन तुझ्या पाठीवर आडवं पडलं होतं, आणि मला, काय सांगू, थेट कविताच सुचली. मी म्हणालो, "सुंदर."

तू मान न वळवता म्हणालीस, "सुंदर नगं. सरळ हाय का ते सांगा."

सरळ नव्हती. पाठीवर मधोमध वर चढून कमान झाली होती. तसं सांगितल्यावर तू लगेच निकाल दिलास की पट्टा मोठा आहे. त्या दिवसापासून मी तुझा पाठीमागचा आरसा झालो. आरशानं मनातल्या मनात काही म्हटलेलं चालतं ना? तेवढं मी म्हणत राहिलो.

आणि मग कौसाबाई. ब्लाऊजचं माप द्यायला आली, आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर बोट बसेल एवढे चरे बघून तू टेप खाली ठेवलास. दहा वर्षांचं दुखणं. गोळ्या खाऊन झाल्या होत्या, उतारे टाकून झाले होते. तिचा नवरा बाजारातून ब्रा मिरच्यांच्या पिशवीत घालून आणायचा, नमुना म्हणून तिचा जुना ब्लाऊज दाखवून. आपल्याकडची रीतच ती! ब्लाऊजचा नंबर तोच आतला नंबर. वर आणखी सासवांची शिकवण, की नवी कोरी घातली की पहिल्याच दिवशी सगळ्यात आवळ हुकावर लावायची, म्हणजे ढिली पडत नाही.

तू कपाळाला हात लावलास. नवी असताना सगळ्यात सैल हुकावर बराबर बसली पाहिजे. पुढे कापड ताणलं की आतले हुक कामाला येतात. आवळ हुक पहिल्याच दिवशी खर्ची घातला, तर ताणल्यावर जायचं कुठं?

आणि त्या नंबरापुढचं अक्षर! ते तर कोणी वाचतच नव्हतं. अंक पट्ट्याचा, अक्षर वाटीचं, एवढी साधी गोष्ट. पण अडतीस म्हटलं की सगळ्या अडतीस सारख्याच असं गाव धरून चाललं होतं. त्या वर्षांत मी पारावर प्रौढांना अक्षरं गिरवायला शिकवत होतो, आणि माझ्याच घरात, पडद्याआड, हिंगोलीहून मागवलेल्या डब्या उघडून तू कौसाबाईला सांगत होतीस की अडतीस सोड, चौतीस घे, पण अक्षर दोन घरं पुढचं.

"चार नंबर कमी?" ती म्हणाली. "फुटंन की मी, बाई."

फुटली नाही. पण तू तिला तशीच कुठं जाऊ दिलीस? नुसतं उभं राहिलं की सगळ्याच बसतात, असं तुझं म्हणणं. मी या बाजूला वह्या तपासत होतो आणि तुझा तास ऐकत होतो. हात वर कर, भारा डोक्यावर घेतल्यावानी. खालचा पट्टा जागचा हलला का? आता वाक, निंदणीला वाकतो तशी; वरून सांडत असलं तर वाटी लहान, चुण्या पडल्या तर मोठी. मधला तुकडा छातीच्या हाडाला टेकला पाहिजे. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, मूठ जाऊ नये. शेवटी खांद्यावरच्या दोन्ही पट्ट्या उतरव. तरी खालचा पट्टा जागेवर राहिला, तर भार चाकांवर आला म्हणायचं.

त्या दिवशी मी एका पोराला दहापैकी बारा गुण दिले. तुझ्यामुळे!

तुला आठवतं, मी म्हणालो होतो की वृत्तातही असंच असतं. एखादा शब्द ओढूनताणून बसवला की ओळ मोजून बरोबर येते, पण कानाला काचते. तू म्हणालीस, "तुमचा कान, तशी माह्या बायांची पाठ." ही ओळ मी वहीत लिहून ठेवली आहे. खाली तुझं नाव घातलंय, काळजी करू नकोस.

आता एक कबुली, जी तुझ्यासमोर कधी दिली नाही. शाळेत कोणीतरी हसत विचारलं होतं, गुरुजींनी हल्ली घरी कोणता नवा विषय सुरू केला? सगळे हसले. मी घरी येऊन तुला सांगितलं की पाटी लावायची नाही, आणि बायांनी पुढच्या दारानं यायचं नाही. तू पाटीसाठी फळी रंगवून ठेवली होतीस, निळी. ती कपाटामागे सरकवलीस. आणि बाया शेळ्यांच्या कोठ्याजवळून, मागच्या बोळीतल्या चिखलातून यायला लागल्या. कमल, तू भांडली का नाहीस गं? चार शब्द सुनावले असतेस तर मीही लवकर शहाणा झालो असतो!

सुनावलं शेवटी कौसाबाईनंच. हेडमास्तर चहाला आले होते, आणि ही पुढच्या दारानं सरळ आत. "गुरुजी, दहा वर्सांचे खांदे दुखायचे राह्यले. तुमच्या बाईनं थांबवले. मी बोळीतून कामून येऊ? चोरी केली का?" हेडमास्तरांनी कुतूहलानं विचारलं, कोणतं औषध? ती म्हणाली, "तुमच्या मालकिणीला धाडा, मंग सांगते." मी बशीत चहा सांडला. आणि पुढच्याच रविवारी हेडमास्तरांच्या बाई आल्या की नाही? पुढच्या दारानं! पण पाटीचं तू परत कधी काढलं नाहीस, आणि मीही नाही. पंधरा-वीस वर्षं फळी कपाटामागेच राहिली.

तर काल. वंदना कौसाबाईच्या सुनेला घेऊन पडद्याआड गेली. बराच वेळ नुसता डब्यांचा आवाज. बाहेर मी आणि कौसाबाई. मग आतून वंदनाचा अडखळता आवाज आला, "मामा, आत्या यापुढं काय करायला लावायच्या?"

सुनेला सांगू? परक्या घरच्या लेकीसमोर? मी खिडकीतून बाहेर बघायला लागलो, अगदी त्या हिंगोलीच्या पायरीवरच्यासारखा. कौसाबाई म्हणाली, "सांगा की गुरुजी. सत्तरीत लाजून कोणाचं भलं झालं?"

मी डोळे मिटले. आणि तुला सांगतो, पाठ केलेली कविता यावी तसं सगळं ओठांवर आलं! भारा डोक्यावर घेतल्यावानी हात वर. निंदणीला वाकल्यावानी वाक. दोन बोटं, मूठ नाही. मी म्हणत गेलो, आत त्या दोघी करत गेल्या. तुझीच चाल, तुझेच थांबे.

"पट्टा मागून वर चढतो मामा, कमानीसारखी," वंदना म्हणाली.

मी सांगितलं, पट्टा मोठा आहे, एक नंबर खाली ये आणि अक्षर एक पुढं. हुक सगळ्यात सैल. पुन्हा डब्यांचा आवाज. पुन्हा हात वर, पुन्हा वाकणं. मी कान देऊन बसलो होतो, पोरगी परीक्षेला बसलेल्या बापासारखा.

मग वंदना म्हणाली, "मामा, आता छान दिसते मागून."

आणि माझ्या तोंडून, शप्पथ सांगतो, विचार न करता निघालं, "छान नको गं, सरळ आहे का ते सांग."

आतून वंदनाचा आवाज, हसू दाबलेला, "सरळ आहे, मामा. अगदी सरळ."

कौसाबाईनं पदर डोळ्यांना लावला. "कमलच बोलली," म्हणाली, आणि मग हसायला लागली ती थांबेचना. तिघी हसत होत्या. मीही हसलो, कमल. दीड वर्षानं, पोट धरून.

जाताना तिची सून दारात उभी राहिली आणि कोणी सांगितलं नसताना तिनं दोन्ही हात डोक्यावर नेऊन पाहिले. डोक्यावर भारा नव्हता काही, नुसते हात. मग मान हलवून सासूमागे निघाली. संध्याकाळी वंदनानं संतोषच्या काउंटरचं चित्र घेतलं, मागच्या कोऱ्या बाजूला मी म्हटलेलं सगळं ओळीनं उतरवलं आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. संतोषनं ते वाचलं. रिचार्जचं ओट्यावर बघू म्हणाला.

आता वचन देतो, आणि हे पाळणार आहे. कपाटामागची निळी फळी आज सकाळी मी काढली. रंग थोडा उडालाय, फळी धड आहे. उद्या शाळेच्या फळ्यावरच्या माझ्या वळणदार अक्षरात, पांढऱ्या रंगानं, मी तिच्यावर लिहीन: 'कमल. येथे ब्रा घालून, वाकून, हात वर करून पाहावी. सरळ बसली तरच न्यावी.' यमक नाही, वृत्त नाही, पण ओळ कुठेही काचत नाही. आणि ती पाटी मी पुढच्या दारावर लावीन. लावून झाली की रस्त्यापलीकडे जाऊन बघीन.

सुंदर दिसते का हे बघणार नाही. सरळ आहे का, तेवढंच.

तुझा पाठीमागचा आरसा,
मास्तर