व्हर्लिनच्या फ्रीझरवरचा कर

२ जानेवारी

नव्या वर्षापासून नगराचा विक्रीकर एकाचा दोन टक्के. राज्याचा वेगळा, तो आहेच. आज दिवसभर विकलं काहीच नाही, नुसता कर समजावला. एका बाईला टोस्टर हवा होता. "पाटीवर एक किंमत, गल्ल्यावर दुसरी! वरचे पैसे कुणाच्या घशात जातात?" बाई, माझ्या नाही! मी गोळा करते, राज्याकडे भरते, ते नगराचा वाटा नगराला देतात. टोस्टर तिथंच ठेवून गेली.

आणि दर वाढवला कुणी? नगर परिषदेनं, तीन विरुद्ध दोन. तिसरा हात माझ्या सख्ख्या भावाचा, व्हर्लिनचा! रुग्णवाहिकेवर स्वयंसेवकांऐवजी पगारी माणसं हवीत म्हणे. दुकान माझं बुडतंय, व्हर्लिनचं काय जातंय?

५ जानेवारी

वॉशिंग मशीनचं गिऱ्हाईक गेलं. शेजारच्या व्हेस्टन गावात अजून एकच टक्का आहे ना! म्हटलं, तिथून घरपोच मागवलंत तरी तुमच्या घरचाच दर लागेल. "मग माझ्याच गाडीत घालून आणतो." म्हटलं, तरी कायद्यानं फरक तुम्हीच भरायचा असतो. तो इतका हसला की जाताना दार लावायचं विसरला. बाहेर उणे वीस.

९ जानेवारी

व्हर्लिन आला. वर्षभराच्या मांसासाठी अर्धी गाय कापून आणतोय, मोठा फ्रीझर हवा. हजार डॉलरचा घासाघीस करून साडेनऊशेला घेतला. घरी पोचवायचा. मी पत्ता घातला, यंत्रानं पावती काढली — राज्याचा कर आहे, नगराचा शून्य. पुन्हा घातला. पुन्हा शून्य!

तो घाईघाईनं म्हणाला, "अगं आर्डिस, हातानं लाव दोन टक्के. उगाच काथ्याकूट कशाला?"

तीस वर्षं हे दुकान चालवतेय. कर लावच म्हणणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा पाहिलं. आणि कोण, तर व्हर्लिन! कॉफीचा दुसरा कप फुकट आहे का, हे विचारूनच पिणारा.

१२ जानेवारी

राज्याच्या कर खात्यात फोन केला. बाई गोड होती. "माल जिथं पोचतो तिथला दर. हा पत्ता नगराच्या हद्दीत नाही."

"अहो, पण झिप कोड आमच्याच गावाचा आहे!"

"तो टपालासाठी. कराची हद्द वेगळी असते."

फोन ठेवला आणि मग डोक्यात प्रकाश पडला. हद्दीबाहेर राहणाऱ्याला परिषदेवर बसताच येत नाही!

१३ जानेवारी

नगर कार्यालयात गेले. जोलीन तिथली लिपिक, तिच्याकडून नकाशा काढून घेतला. हद्द ओढ्यापाशी संपते. व्हर्लिनचं नवं घर ओढ्यापलीकडे. बारा वर्षं झाली ते बांधून! जोलीन नकाशाकडे बघेना आणि माझ्याकडेही. "मी काही दाखवलं नाही हं तुला."

म्हणजे हिलाही ठाऊक होतं.

१८ जानेवारी

फ्रीझर पोचवला. नगराचा कर न लावता! आणि तोंडावरच विचारलं.

"ठाऊक होतं," तो म्हणाला. नाकारलं असतं तर बरं झालं असतं.

"बारा वर्षं खोटं बोलत होतास?"

"वॉर्ड दोनमधून दुसरं कोण उभं राहत होतं? तू राहिलीस? सभेला तरी आलीस कधी? दर वेळी मी अर्ज भरायचो आणि दर वेळी एकटाच असायचो."

परतताना गाडीत दहा उत्तरं सुचली, सगळी जळजळीत.

२ फेब्रुवारी

परिषदेच्या सभेत उभी राहिले. बोलले. नकाशा, पत्ता, पावती, सगळं. व्हर्लिननं एका शब्दानंही अडवलं नाही. "तिचं बरोबर आहे," म्हणाला, कोट घेतला आणि निघून गेला. नगराच्या वकिलांनी सांगितलं, त्याचं मत गेलं, उरले दोन विरुद्ध दोन, म्हणजे ठरावही गेला. पुन्हा एक टक्का. रुग्णवाहिकेची पगारी माणसं रद्द.

जिंकले! मग जेवण का गेलं नाही?

१० फेब्रुवारी

महिनाभर घेतलेला जादा टक्का परत कसा करायचा, कुणालाच माहीत नाही! टोस्टरवाली बाई परत आली. टोस्टर घेतलाच नव्हता, तरी पैसे परत मागत होती. व्हर्लिनचा फोन नाही. मीही केला नाही.

१९ फेब्रुवारी

सकाळी शेजारची ऑर्फा माझ्या दुकानासमोर बर्फावर आपटली. एक्क्याऐंशी वर्षांची बाई! फोन केला. आमच्या रुग्णवाहिकेवर स्वयंसेवक उरलेत दोन; एक शाळेची बस चालवत होता, दुसरा तापानं पडलेला. व्हेस्टनची गाडी निघाली. बेचाळीस मिनिटं. हलवू नका म्हणाले, म्हणून दुकानातली सगळी घोंगडी तिच्यावर टाकून मी बाजूला बसले. ती मलाच धीर देत होती. "तू नको गं रडूस, आर्डिस. बूड मोडलंय ते माझं." मग बोलेनाशी झाली. ओठ निळे.

जगली. खुब्याचं हाड मोडलंय.

दवाखान्यात कुणीही मला दोष दिला नाही. एकानं तरी द्यायला हवा होता.

२७ फेब्रुवारी

वॉर्ड दोनच्या रिकाम्या जागेसाठी अर्जाची मुदत आज संध्याकाळी पाचला संपली. अर्ज एकच आला. माझा. करवाढीचा ठराव पुन्हा मांडणार आहेत. मत काय द्यायचं ते मला ठाऊक आहे — आणि ते व्हर्लिनला आवडेल, हेच खुपतंय!