जावयांसाठी एक काम

बडोदे

तीर्थरूप आई,
मृदुलाचा दुरूनच वाकून नमस्कार. साताऱ्यात थंडी पडली का? गुडघे शेकतेस ना?

समरजित बरे आहेत. अपघातातली डोक्याची जखम भरली. बोलणं पूर्वीसारखंच आहे, म्हणून तर मी फसले. घरात काही करेनात, तेव्हा मी त्यांना आळशी समजून चिडायचे.

परवा तपासणीत थेरपिस्टबाईंनी त्यांना चहा करायला सांगितला. सगळं समोर मांडलेलं होतं. गॅस पेटवून ते दूध हातात धरून उभेच राहिले. बाई म्हणाल्या, "कामं आखायचा मेंदूचा भाग दुखावलाय. हा आळस नव्हे." मला तिथेच रडू आलं.

आता रोज "आधी पाणी, मग साखर" असं मोठ्यानं म्हणत ते चहा करतात. सुधारणा होईल, पण हळूहळू.

म्हणून आई, आपल्या धाकट्या कौमुदीच्या लग्नाची व्यवस्था त्यांच्यावर टाकू नकोस. एकेकाळी अख्खी पंगत एकट्यानं सांभाळायचे. या वेळी ते नको, असं मी त्यांना सांगितलं. तर ते म्हणाले, "एखादं तरी काम ठेवा माझ्यासाठी."

दारात गुलाबपाणी शिंपडायला त्यांनाच उभं कर. आणि फोन करून तूच त्यांना सांग. मी सांगितलं, तर त्यांना ती कीव वाटेल.

तुझीच,
मृदुला