सृष्टीचे दात आणि तुझं बोंडलं

माण, ता. मुळशी
१२ नोव्हेंबर २००६

ती. नलिनीमावशीस,
जुईलीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे बरे असतील आणि तू ते कुणाला कळू देत नसशील, अशी आशा आहे. (पत्र अशासाठी, की फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.)

आधी मुद्द्याचं: सृष्टीचे दात किडलेले नाहीत! अकरा महिन्यांच्या पोरीचे वरचे दोन दात तपकिरी दिसतात म्हटल्यावर "अंगावरच्या दुधानंच किडतात, दूध तोड," असं फर्मान तू काढलंस आणि साखर घालून दूध पाजायला चांदीचं बोंडलंही पाठवलंस. मी घाबरले. दोन दिवस पोरीला जवळ घेतलं नाही. तिनं बोंडलं भिरकावलं, मग आम्ही दोघी रडलो. (निषादनं तेवढी फरशी पुसली. नवरा म्हणून ठीक आहे.)

शनिवारी गावच्या देवळात दातांच्या कॉलेजातल्या मुली आल्या. अंगावरचं दूध आणि मुलांचे दात यांबद्दल लेकुरवाळ्यांना काय ठाऊक आहे, ते त्यांना दहा प्रश्न विचारून पाहायचं होतं. रांगेत आमच्या घरमालकीण सारजाबाईही. त्यांचं लेकरू म्हणजे कोंडाजी, वय वर्षं एकेचाळीस. त्याला जीपमधून उतरवून आणलं. "तीन वर्सं पाजलाय ह्याला. आ कर रं! बगा, अजून दातानं ऊस सोलतोय. एक दाढ किडल्याली न्हाई." एरवी आम्हा भाडेकरूंवर डाफरणारा कोंडाजी निमूट आ करून उभा! सारजाबाई पास झाल्या. मी, इंजिनियर, दहात दोन.

मग त्या मुलीनं समजावलं, की आईचं दूध ओढताना बाळाच्या जबड्याला व्यायाम होतो, दात ओळीत यायला मदत होते. घात करते ती साखर आणि तोंडात बाटली ठेवून झोपवणं. तिनं कसलीशी पूड लावून सृष्टीचे दात घासले, तर डाग निघाले! आपण देतो त्या लोहाच्या औषधाचे होते. मावशी, इतकं हलकं वाटलं, की तिथंच खांबाआड बसून तिला पाजलं. सारजाबाईंनी पदर आडवा धरला.

तुझी,
जुईली

ता. क. त्या मुलींनी आयांचेही दात पाहिले. माझ्या तीन दाढा किडल्यात. लहानपणी काय पाजायचे, असं विचारलं. आई गेल्यावर चार वर्षांची होईपर्यंत तू मला त्याच बोंडल्यानं पाजलंस, दोन चमचे साखर घालून; साखरेची चटक तेव्हापासूनची. मी म्हटलं, आठवत नाही. आठवतं गं. फार गोड लागायचं.

ता. क. दुसरा: एक तारखेपासून माझं ऑफिस सुरू. दुपारी येऊन मी पाजून जाईन, पण बाकीचा दिवस सृष्टीजवळ मला तूच हवीस. ये. बोंडल्यानं पाणी पाज हवं तर. साखरेचा डबा मी सारजाबाईंकडे ठेवायला दिलाय, आणि त्या तुलाही आ करायला लावतील.