बटण दाबून बघितलंस का?

आई,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुला काही लिहावंसं कधी वाटलं नाही. तू असताना आपण एवढं भांडून घेतलं होतं की बोलायचं काही उरलं असेल असं मला वाटतच नव्हतं. उरलंय. गेल्या मंगळवारी मी हरियाणात, मानेसरच्या पुढे एका प्राथमिक शाळेत तपासणीला गेले होते. हो, तुझी लेक आता शाळा तपासते. सरकारी गाडीतून उतरते, चहा पिते, फॉर्म भरते आणि परत येते. "अच्छा, साहेबीण झाली!" म्हणून तू खिजवलं असतंस.

फॉर्म म्हटला की मला आपलं दिल्लीच्या द्वारकेतलं स्वयंपाकघर आठवतं. मी सातवीत असेन. तू भाकरी थापते आहेस, हात पिठाचे, आणि ओट्याच्या कडेला मी तू शिकवायचीस त्या शाळेचा वार्षिक माहितीचा फॉर्म घेऊन बसलेय. तुझी हिंदी बोलायला फर्डी, पण सरकारी हिंदीत लिहायचं झालं की कागद माझ्यापुढे यायचा. दिल्लीत वाढलेल्या पोरीचा तेवढाच उपयोग. खोल्या किती, नळ आहे का, तू सांगत होतीस आणि मी लिहीत होते. विजेच्या रकान्यात मात्र मी न विचारताच 'आहे' लिहून टाकलं. माझ्या शाळेला सुट्टी होती म्हणून तुझ्याबरोबर तिथे आले होते ना, तेव्हा वर्गात लटकणारा बल्ब पाहिला होता, बाहेर भिंतीवर मीटरही होता. तू ते वाचलंस आणि भाकरी तव्यावर तशीच राहिली. "काहून लिहिलंस हे? बल्ब दिसला म्हणजे वीज आली का गं? बटण दाबून बघितलंस का?" भाकरी करपली, मी रडले, आणि खाडाखोड चालत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी तू मुख्याध्यापकांकडून नवा फॉर्म मागून आणलास.

मीटर बसवून माणसं गेली ती गेलीच, खांबापासूनची तार कधी आली नाही, हे मला तेव्हा कळलं. तुझ्या वर्गाला एकच खिडकी. हिवाळ्यात फळ्यावरचं मागच्या पोरांना दिसायचं नाही, म्हणून तू त्यांची बसायची टाटपट्टी सरकवायचीस. सकाळी खिडकीशी, मग दाराशी, दुपारी व्हरांड्यात. "चलो बच्चो, धूप चली!" म्हटलंस की सगळा वर्ग पट्टीची टोकं धरून उजेडामागे निघायचा. मला तो खेळ वाटायचा. तू मात्र घरी येऊन चिडायचीस, "अर्धा दिवस यांचा उठण्याबसण्यात जातो. शिकवू कधी?"

दरवर्षी तू 'नाही' लिहीत राहिलीस. मुख्याध्यापक म्हणायचे, "मीटर लगा है मॅडम, हाँ लिखिए, क्यों झंझट?" तुझं उत्तर ठरलेलं: 'आहे' लिहिलं तर बघायला कोण येणार? आणि बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, पालथ्या घड्यावर पाणी. बाबांचंच खरं ठरलं गं. तू निवृत्त झालीस तेव्हाही तार आली नव्हती. निरोपाला शाळेने तुला टेबललॅम्प दिला. तू घरी आलीस, प्लग लावलास, बटण दाबलंस आणि इतकी हसलीस की शेवटी पदराने डोळे पुसावे लागले.

मंगळवारची शाळा तुझी नव्हती. रंगवलेली होती, पंखे होते, ऑफिसात मोठी स्क्रीन होती, तिच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. पोरं व्हरांड्यात पट्टीवर बसली होती. त्यांची बाई, जेमतेम तिशीची, म्हणाली, "चलो, उधर खिसको, धूप गई." रस्ता रुंद करताना तार काढली, ती परत कुणी जोडली नाही, असं तिने सांगितलं. "मॅडम, आप 'नहीं' लिख दीजिए, तभी कोई आएगा. बटन दबाके देख लीजिए ना."

मी साहेबांना फोन केला. आमच्या यादीत तो अख्खा जिल्हा 'सगळ्या शाळांत वीज' म्हणून कधीच वर कळवलाय. ते म्हणाले, "एक स्कूल के लिए सारी रिपोर्ट दोबारा खोलोगी, यार? मीटर है ना?" मीटर होता. तुझ्यासारखं भांडावं असं वाटलंही, खोटं नाही सांगत. पण तू वर्षानुवर्षं भांडलीस आणि एक दिवा लागला नाही, हेही मीच पाहिलंय. मी 'आहे' लिहिलं. स्वच्छ अक्षरात, खाडाखोड न करता.

बाई गाडीपर्यंत सोडायला आली. "लिख दिया ना, मॅडम?" मी म्हटलं, "बिल्कुल." तिने हात जोडले.

आज बाहेर एवढं धुरकं आहे की भर दुपारी दिवा लावावा लागलाय. तुझाच लॅम्प, अजून चालतो. हा कागद त्याच्याच खाली ठेवून देईन, दुसरं काय करणार? तू एकच विचारशील, म्हणून आधीच सांगते. बटण माझ्या हाताशी होतं, आई. मी दाबून बघितलं नाही. दाबलं असतं तर 'नाही' लिहावं लागलं असतं.