‘माहेर’मधली पाठवणी

५ जानेवारी १९९८, वरसे

बोर्ड लागला. लाल अक्षरांत – ‘माहेर : पीडित महिलांसाठी गुप्त निवारा’. खाली बाण. रोह्याच्या एसटीचा कंडक्टर आज ओरडला, "गुप्तवाल्या, उतरा."

हे गेल्यावर मी इथे देखरेखीला लागले. घरी अजून दोन कप चहा टाकते. इथे निदान दुसरा प्यायला कोणी असतं.

७ जानेवारी

रंभा आली. धरमतरकडची, मिठागरावर कामाला. उजवा हात प्लास्टरमध्ये.

"कसा मोडला?"

"दारान सापडला."

भात वाढताना आपणच म्हणाली, "दार त्यानंच लावलान."

त्यानं म्हणजे नवऱ्याने, मोरूने.

१० जानेवारी

बाण बघत मोरू आणि त्याची आई धोंडुबाई थेट दारात. आमच्या अध्यक्षा बायजाबाईंनी दोघांना खुर्च्या दिल्या. रंभा उभी.

"थोडं तुमचं चुकलं, थोडं हिचं," बायजाबाई म्हणाल्या. मोरूने मान हलवली. त्याचं थोडं कुठलं, ते कोणी विचारलं नाही.

मी चहा आणला. धोंडुबाईने माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि कप सरकवला. "तुजे हातचा नको गो. घरान लगीन हाय." मोरूचाही घोट तोंडातच थांबला.

ते गेल्यावर रंभा म्हणाली, "ताई, परत गेलू तं आता हात नाय मोडनार. मान मोडंल."

बायजाबाईंना सांगितलं. "भावनेच्या भरात बोलते ती. वर्धापनदिनाला एक तरी पाठवणी दाखवायला हवी, शकूताई. पाहुण्या येणार आहेत." रंभाची खाट रिकामी करायचीही सूचना आली.

१२ जानेवारी

ठरलं. संक्रांतीला वर्धापनदिन, हळदीकुंकू आणि पाठवणी एकत्र. बॅनर आला – ‘मोडला संसार, आम्ही सांधला’. हात अजून सांधायचाय.

बायजाबाईंनी मला सांगितलं, "तुम्ही त्या दिवशी आतच थांबा, तिळगुळाकडे. वाईट वाटून घेऊ नका हं."

नाही वाटलं. पाक छान जमला. हे असताना लाडू गार होऊ द्यायचे नाहीत, दरवर्षी जीभ भाजून घ्यायचे. यंदा सगळे लाडू गार झाले.

१४ जानेवारी

रंभाला हिरवी साडी नेसवली. फोटोसाठी प्लास्टरवर पदर ओढला. बायजाबाईंनी ओटीचं ताट उचललं – तांदूळ, नारळ, खण. पेणचा फोटोग्राफर म्हणाला, "थांबा, रोल बदलतो." बायजाबाई ताट ठेवून केस सारखे करायला वळल्या.

मी आतून आले. ओंजळभर तांदूळ घेतले आणि रंभाच्या पदरात घातले. मग नारळ, खण. सावकाश, नीट. तिने एका हाताने पदर धरला होता. माझ्याकडे बघत होती.

मग समोर मोरूशेजारी बसलेली धोंडुबाई उठली.

"रांडवेनं वटी भरलान! आता ही माजे उंबऱ्याव नको. घरान लगीन हाय. चल रं मोरू."

तो गेला. चिवडाही न घेता.

बायजाबाई खुर्चीत बसल्या. "शकूताई, केवढा हा अपशकुन." पाहुण्यांकडे पाहून घाईने म्हणाल्या, "म्हणजे, आपली संस्था असलं काही मानत नाही."

हे गेल्यापासून माझ्या हातचं कुंकू, फूल कोणी घेत नव्हतं. आज रंभाने ओटी घेतली.

१५ जानेवारी

न्यायला कोणी नाही म्हटल्यावर रंभाला खाट द्यावीच लागली. ओटीच्या तांदळाचा भात केला. बॅनरची मागची बाजू कोरी होती, त्यावर पापड वाळत घातले.

मला काढायचं की नाही यावर मीटिंग आहे म्हणे.

१९ जानेवारी

सकाळी एक नवी बाई आली, हौसा. पेणच्या रामवाडीहून. ओठ फुटलेला. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने विचारलं, "वटी भरनाऱ्या बाई त्या तुमीच काय?"